वलीच्या दारातली कासिनेम

आमच्या कारांगलुंग गावात वलीच्या कबरीची राखण पुरुषांकडे असे. कासिनेमचा नवरा वारला तेव्हा त्या घराण्यात पुरुष उरला नव्हता, म्हणून दुसरा कोणी मिळेपर्यंत किल्ली तिच्याकडे ठेवली. ती एकतीस वर्षं तिच्याकडेच राहिली. गाव तिला म्बाह म्हणायचं, आजीला आणि आजोबांनाही आम्ही म्हणतो तसं. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायला आले तेव्हा तिच्याच शेजारची खोली मला मिळाली, त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वली म्हणजे संतपुरुष किआई मंगुन; किआई म्हणजे धर्मगुरू. तीनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर त्यांनी लोकांना नमाज शिकवली. एकदा समुद्र चढून आला तेव्हा त्यांनी काठी वाळूत रोवली आणि पाणी तिथेच थांबलं, असं गाव मानतं. ती काठी पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरीशेजारच्या सागवानी पेटीत ठेवलेली होती. वर्षातून एकदा, वलींच्या पुण्यतिथीला, ती बाहेर निघायची.

कासिनेमला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती दाराशी चटईवर बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "काय मागणार?"

एकदा डोंगराकडची एक बाई फुलांची टोपली घेऊन आली. म्हणाली, "सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली, म्बाह. मूल नाही. वलींना म्हणणार, एक मूल पदरात घाला."

"मूल कोण देतं?"

बाई गडबडली. "अल्ला."

"मग वलींना कशाला गळ घालतेस? ते स्वतःच त्याच्या दयेवर आहेत. आत जा, त्यांना सलाम कर, त्यांच्यासाठी कुराणातली फातिहा म्हण. मग म्हण, हे अल्ला, हा तुझा आवडता बंदा, याच्यावरच्या तुझ्या मायेखातर माझ्या सुनेकडे बघ. आता म्हणून दाखव."

बाईने म्हणून दाखवलं. मधेच "वली, तुम्ही द्या" असं तोंडातून निसटलं, तर कासिनेमने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. माझ्या वर्गातल्या पोरांचीसुद्धा इतकी कडक तोंडी परीक्षा मी घेत नसे. काहीजण चिडायचे. सेमारांग शहरातला एक व्यापारी म्हणाला, "मी एवढ्या लांबून वलींना भेटायला आलोय, तुला नाही." ती म्हणाली, "मग तेच दार उघडतील, थांबा," आणि सुपारी कातरत बसली. अर्ध्या तासाने त्याने निमूट म्हणून दाखवलं.

तिचा धाकटा भाऊ झुहदी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलेला. तो शहरात धर्म शिकून आला आणि गावाबाहेर हमरस्त्याला लागून असलेल्या दुमजली मशिदीत नमाज पढवू लागला. त्या मशिदीची माणसं कबरीवर येत नसत, कबरीशी मागणं म्हणजे अल्लाला भागीदार जोडणं असं ती म्हणत. झुहदीही आला नाही, एकदाही नाही. ईदला मात्र तो बहिणीच्या पाया पडायला यायचा, आणि कॉफीचा गाळ तळाशी बसेपर्यंत दोघांचं भांडण सुरू झालेलं असायचं.

"यू, अल्ला जवळ असताना मधे माणूस कशाला?" बहिणीला तो यू म्हणायचा.

"मागच्या साली मला ताप आला तेव्हा तू तुझ्या मशिदीत सगळ्यांना म्हणालास ना, माझ्या बहिणीसाठी दुआ करा म्हणून? तेव्हा अल्ला लांब गेला होता काय?"

"ते जिवंत लोक होते."

"म्हणजे मेलं की माणसाची अल्लाकडची पत संपते?"

"तसं नाही. पण तू जे दारात शिकवतेस ते आत गेल्यावर किती जण म्हणतात? आत शिरले की वलीच्या गळ्यात पडतात. तुला ऐकू येत नाही, एवढंच."

त्याच्या बोलण्यात खरं असलं की ती त्याच्या बशीत केळीच्या पानातली आणखी एक भाताची पुडी ठेवायची.

समुद्र मात्र कोणाचं भांडण संपायची वाट पाहत नव्हता. आधी कोळंबीची तळी गेली. मग शाळेच्या ओट्यावर भरतीचं पाणी येऊ लागलं. आम्ही ओटा दोनदा उंच केला आणि दोन्ही वेळा पाणी त्याच्यावर आलं. सरकारी माणसं नकाशे घेऊन आली, हमरस्त्यापलीकडे जागा देतो म्हणाली. अर्जावर सह्या करायला कोणी तयार होईना. गावप्रमुख दार्सोनो उघड सांगायचे, "वलींची काठी आहे तोवर पाणी कबरीपुढे येणार नाही. सोडून गेलो तर तो अविश्वास ठरेल." लोक मान डोलवायचे. मी कासिनेमला विचारलं, तर ती म्हणाली, "मला कोणी विचारलेलं नाही."

जानेवारीत पश्चिमेचा वारा सुटतो. त्या शुक्रवारी दुपारी गावच्या मशिदीत नमाज संपली आणि भरती नेहमीच्या खुणेवर थांबलीच नाही. बांध फुटला. तासाभरात अंगणं, मग उंबरे, मग खाटा पाण्याखाली गेल्या. गावात उंच जागा एकच, कबरीचा चौथरा. दोनशे-अडीचशे माणसं तिथे गोळा झाली, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, पोरं, कोंबड्या, भाताच्या पोत्यांसकट. मी वर्गातल्या सात मुलांना घेऊन गेले होते.

पाणी चौथऱ्याच्या पहिल्या पायरीला लागलं तेव्हा लोक कबरीभोवतीच्या जाळीला धरून हाका मारू लागले. "म्बाह वली, अडवा. म्बाह वली, तुमच्या लेकरांना वाचवा." मीही मारत होते. माझ्या तोंडात त्या वेळी अल्लाचं नाव नव्हतं, ते कबूल केलं पाहिजे.

दार्सोनो कासिनेमसमोर येऊन उभे राहिले. "म्बाह, काठी काढा. पाण्यात रोवू."

ती हलली नाही.

"म्बाह, ऐकताय ना?"

"ऐकतेय. काठी मिळणार नाही."

दार्सोनोंचा आवाज चढला. "ही काठी काय तुमच्या बापाची आहे?"

"नाही. वलींची आहे, आणि वली अल्लाचे आहेत." ती उठून उभी राहिली. गुडघे दुखायचे तिचे, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "माझा मुलगा पारजान समुद्रावर गेला होता तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण लहान होते. एकोणीस वर्षांचा. होडी परत आली, तो आला नाही. मी तीन दिवस आत बसले. माझा नवरा राखणदार, मला कोण अडवणार? तीन दिवस मी वलींना म्हणत होते, तुम्ही आणा, तुम्ही आणलंच पाहिजे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुमची सेवा केली. तीन दिवसांत मी एकदाही अल्लाला हाक मारली नाही. चौथ्या दिवशी प्रेत आलं."

तिने चौकटीवरचा हात बदलला.

"वलींनी मला फसवलं नाही. त्यांनी जन्मभर एकच शिकवलं, डोकं फक्त एकापुढे टेकायचं. मी त्यांच्याच उशाशी बसून त्यांचं शिकवणं विसरले. आज तुम्ही काठी पाण्यात रोवाल आणि पाणी थांबलं नाही, तर उद्या म्हणाल, वली खोटे. ते मी त्यांच्यावर येऊ देणार नाही." मग ती वळून म्हणाली, "वारनोतो, तुझ्या होड्या किती?"

वारनोतो मासेमार होता. "चार बांधलेल्या आहेत, म्बाह."

"आधी पोरं आणि म्हातारे. हमरस्त्यावरच्या मशिदीत न्या."

"त्या मशिदीत?" मागून कोणीतरी म्हणालं. "ते आपल्याला काफिरांत काढतात."

"काढू देत. त्यांचा जिना कोरडा आहे."

एवढ्या भीतीतही दोघं-तिघं हसले, आणि त्या हसण्याने लोक हलले. चार होड्यांनी संध्याकाळपर्यंत खेपा केल्या. होडीत बसायच्या आधी कासिनेमने सगळ्यांना एकत्र दुआ म्हणायला लावली, अल्लाचं नाव घेऊन, वलींच्या मानाखातर. या वेळी तिला कोणाला दुरुस्त करावं लागलं नाही. ती शेवटच्या खेपेला आली. काठीची पेटी तिने तिथेच ठेवली आणि दाराला कुलूप लावलं.

मशिदीत झुहदीने चटया पसरून ठेवल्या होत्या, मोठ्या पातेल्यात भात शिजत होता. त्यांच्यातला एकजण जिन्यावर उभा राहून म्हणाला, "कुठे गेला यांचा वली?" झुहदीने त्याच्या हातात पाण्याची बादली दिली. "खाली लहान मुलांचे पाय चिखलाने भरलेत. धू." बहीण आत आली तेव्हा त्याने स्वतःची लुंगी तिला कोरडं नेसायला दिली आणि तोंड फिरवून उभा राहिला.

त्या दिवशी आमच्या गावचं एकही माणूस गेलं नाही. घरं मात्र गेली, छत्तीस. महिन्याभरात सगळ्यांनी सह्या केल्या, दार्सोनोंनी सगळ्यात शेवटी.

याचं सगळ्यांनी कौतुक केलं असं नाही. नव्या वस्तीत नळाच्या रांगेत उघड बोललं जायचं, की म्हातारीने काठी दिली असती तर गाव वाचलं असतं, तिचीच श्रद्धा उणी पडली. ज्या बायका तिच्यासाठी चमेलीची फुलं आणायच्या त्यांतल्या काहींनी बोलणं टाकलं. ती रांगेत उभी राहायची, ऐकायची, हंडा भरून निघायची. एकदा मी तिच्या बाजूने भांडायला लागले तर म्हणाली, "घर गेलंय त्यांचं. कोणावर तरी राग काढायला नको का?"

कबर आता भरतीला पाण्यात उभी असते, ओहोटीला चौथरा उघडा पडतो. कासिनेम दर गुरुवारी दुपारी होडीने तिथे जायची, शेवाळ खरवडायची, फातिहा म्हणायची. पूर्वी वारनोतो न्यायचा. त्याने शहरात काम धरल्यावर वल्हवायला कोणी मिळेना. तेव्हा झुहदी आला. बासष्ट वर्षांचा माणूस, वल्ही कशी धरायची ते विसरलेला.

"तू येऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्या मशिदीत बोलतील."

"मी होडीत बसेन. होडीत बसायला बंदी नाही."

पावसाळा संपेपर्यंत तो होडीतच बसला, पाठ कबरीकडे करून. मीही दोन-चारदा सोबत गेले होते. एका गुरुवारी शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि तिला उठता येईना. तो चौथऱ्यावर चढला, तिला धरून बसवलं, आणि खरवडायचं काम हातात घेऊन उरलेल्या पायऱ्या त्यानेच साफ केल्या. जायच्या वेळी कबरीसमोर थांबून त्याने सलाम केला, धर्मात मेलेल्या माणसाला करायला सांगितलेला असतो तेवढाच. मग अंग वळवून पश्चिमेकडे, किब्ल्याकडे तोंड केलं आणि हात वर उचलून बराच वेळ पुटपुटत राहिला.

होडीत बसल्यावर कासिनेमने विचारलं, "काय मागितलंस?"

"वलींना माफ कर म्हणालो. आणि तुझ्या गुडघ्यांचं सांगितलं."

"कोणाला?"

"यू," तो म्हणाला, "आता माझीही परीक्षा घेणार काय?"

ती हसली नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "बरोबर म्हटलंस. वल्हव आता, पाणी चढतंय."

पुढच्या उन्हाळ्यात ती झुहदीच्या घरी झोपेतच गेली. जनाज्याच्या नमाजेला दोन्ही मशिदींची माणसं एका रांगेत होती. तिची कबर वीतभर उंच आहे, दगड नाही, तिने तसंच सांगून ठेवलं होतं. वलींच्या दाराची किल्ली सध्या माझ्याकडे असते. कोणी आलंच, तर मी सोबत जाते.