दगडावरच्या काती

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाईंना, गल्लीत सगळे ‘किडेवाल्या बाई’ म्हणतात. म्हणोत बापडे! नदीतले किडे मोजणं हीच त्यांची नोकरी. दर महिन्याला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, पायाने तळाचे दगड ढवळायचे, पुढे जाळी धरायची आणि आत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचं. त्यांची लाडकी दगडमाशी. तिची पिल्लं वर्षभर दगडांखाली वाढतात, आणि पाणी जरा बिघडलं की सगळ्यात आधी तीच मरतात.

तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्याची टाकी फुटली आणि नदी जांभळी झाली. तेव्हापासून वहीत दगडमाशीपुढे शून्य. आता त्यांच्या खात्याच्या साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. या महिन्यातही शून्य आलं, तर हा पट्टा ‘मृत’ म्हणून नोंदवायचा आणि नदी स्वच्छ करायचं काम बंद. वन्संना दोन दिवस घास गिळवत नव्हता.

त्यात त्यांचा पाय मुरगळला. मग पाण्यात कोण? मी! पोटऱ्या पार बधिर झाल्या. सहा वेळा ढवळलं, सहाही वेळा शून्य. साहेब मात्र काठावर, बुटाला थेंब न लागू देता, फॉर्म घेऊन उभे.

वैतागून मी पाण्याबाहेर आलेल्या एका दगडावर बसकण मारली. उठले तर पँटला कसलेसे पापुद्रे चिकटलेले. मी झटकायला हात उचलला.

“अगं थांब! हलू नकोस!” काठावर बसलेल्या वन्सं मुरगळलेल्या पायानिशी पाण्यात शिरल्या. चिमट्याने एक पापुद्रा उचलला. सहा पाय, दोन शेपट्या, पाठीवर उभी चीर.

“आत काहीच नाही,” साहेब म्हणाले. “मेलेलं कसं मोजणार?”

“मेलेलं नाही हो! ही दगडमाशीची कात आहे. पिल्लू मोठं झालं की दगडावर चढतं, कात टाकतं आणि पंख फुटून उडतं. होती मोजकीच, म्हणून इतके महिने जाळीला चुकली; आता कुठून सापडणार? वर्षभर याच पाण्यात वाढली आणि गेली उडून!”

साहेबांनी भिंग मागितलं. बराच वेळ बघितलं. मग फॉर्मची घडी करून खिशात घातली. “काम चालू राहू दे,” म्हणाले. मला तर हुश्श झालं!

वन्संनी काती मोजल्या. अकरा. वही उघडली आणि एकदम हमसाहमशी रडायला लागल्या.

“वन्सं, आता काय झालं?”

“शून्याशिवाय काही लिहायची सवयच मोडलीये गं. तूच लिही.”