आम्ही तरुणांसाठी अंक काढला, त्याची गोष्ट

आधी हातातला चहा संपवा बरं. मागं एकाला हा किस्सा सांगताना त्याचा चहा नाकातून आला होता, आणि शर्ट धुवायचं माझ्या अंगावर आलं.

तर काय झालं, मी लातूरच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. पेटीही वाजवतो, म्हणजे शेजारी खिडक्या लावून घेतात इतपत. आमचं एक छोटं संगीत मंडळ आहे. अध्यक्ष अण्णा. निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. मंडळाचं ‘सूरपारंबी’ नावाचं एक मासिक आहे, तीन महिन्यांतून एकदा निघतं. (मासिक तीन महिन्यांतून एकदा कसं, हे अण्णांना विचारायचं नाही.) त्याचं संपादन आणि मुखपृष्ठ, दोन्ही कामं माझ्याकडं.

आता आमच्या मुखपृष्ठावर काय असायचं? एक तर तंबोरा, नाहीतर नुकतेच वारलेले कोणी बुवा. एकदा हौसेनं एका जिवंत गायकाचा फोटो टाकला, तर त्यांच्या घरी लोक हार घेऊन गेले! बुवांनी स्वतः दार उघडलं. दोघं-तिघं तिथंच मटकन बसले म्हणे.

वर्गणीदारही दरवर्षी कमी व्हायचे. रुसून नाही हो, वयोमानानं.

एके दिवशी बैठकीत अण्णा कडाडले, “दिगंबर, तरुण पोरं खेचा! लातुरात पोरांची काय कमी हाय का? अख्ख्या मराठवाड्याची पोरं डॉक्टर व्हायला इथंच येऊन राहिली. त्यातली धा तरी आपल्याकडं वळवा की!”

झालं! माझ्या अंगात आलं. तरुणांना काय आवडतं, याचा मी सखोल अभ्यास केला. कुणाला विचारून? छे! विचारायचं कशाला? मी चौकातले वाढदिवसाचे बॅनर पाहिले, जिमच्या पाट्या पाहिल्या, थंड पेयांचे डबे पाहिले, आणि मला तरुणाई समजली. काळी पार्श्वभूमी. त्यावर गुलाबी आणि पोपटी रंग. कोपऱ्यात वीज कडाडतीय. अक्षरं तिरपी, आणि त्यातून रंग ठिबकतोय. आतले मथळे तर ऐका: ‘यमन: फुल टू राडा!’ आणि ‘ठुमरी बोले तो एकदम कडक!’

आमच्या सुलभानं, म्हणजे सौभाग्यवतींनी, अंकाचा कच्चा नमुना लांब धरला, जवळ धरला. “हे ‘सुपारी’ काय लिहिलंय?”

“सुपारी नाही, सूरपारंबी! तू तरुण नाहीस, तुला नाही कळायचं.”

हे वाक्य बायकोला बोलायचं नसतं, हे मला त्या दिवशीच्या जेवणात कळलं.

राहिला होता फोटो. पाहिजे होती ‘संगीतात हरवलेली तरुणाई’. मी मोबाईल घेऊन सकाळीच शिकवण्यांच्या भागात गेलो. तिथल्या एका अभ्यासिकेच्या अंगणात लिंबाखाली बाकावर एक पोरगी बसलेली. कानांवर हे एवढाले हेडफोन, डोळे मिटलेले, मान डुलतीय, मांडीवर जाडजूड पुस्तक मिटून ठेवलेलं. आणि अंगठा फिरतोय बोटांच्या पेरांवर! मी श्वास रोखून मोजलं. एक, दोन, तीन... बरोबर बारा! परत पहिल्यापासून बारा!

अहो, एकताल! बारा मात्रांचा एकताल, तोही विलंबित! माझे तर डोळे भरून आले. कोण म्हणतं आजची पिढी वाया गेली?

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “बाळ, फोटो काढू का? अंकात छापतो.”

तिनं मान हलवली. चांगली खालपर्यंत हलवली. मी फोटो काढला आणि पाय न वाजवता निघालो. तिची समाधी मोडेल म्हणून!

घरी येऊन मी त्या फोटोखाली ठळक ओळ टाकली: ‘पुस्तक मिटलं, सूर उघडले!’ वर संपादकीय दोन पानी. ‘घोकंपट्टीच्या बेड्या तोडून एकतालात रमलेली ही कन्या’ वगैरे वगैरे. अण्णांनी ते वाचून माझी पाठ थोपटली. अंक छापला, कागदाची पट्टी गुंडाळून पोस्टात टाकला.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला दार वाजलं. दारात पन्नाशीचा एक माणूस. रापलेला चेहरा, खांद्याला पिशवी, प्रवासाच्या धुळीनं भरलेला.

“तुमीच का ते सूरपारंबीवाले?”

एवढ्या वर्षांत हे कुणी दारात येऊन विचारलं नव्हतं! “हो हो, मीच! या, बसा. कुठून आलात?”

“हदगावहून. म्या गंगाधर. पोस्टमन हाय. पहाटंची पहिली गाडी धरली.”

“हदगावहून? अंकासाठी?”

“हाव. तुमच्या अंकापायी दोन दिस झाले, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरंना.”

आता मला सांगा, यावर शहाणा माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, “वा! इतके रमून गेलात वाचण्यात?”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाकडं पाहावं. मग पिशवीतून अंक काढला आणि मुखपृष्ठावर बोट ठेवलं. “ही माझी पोरगी हाय. रेणुका.”

मी उडालोच! “काय सांगता? आपण वडील? सुलभा, चहा टाक! थांबा, अण्णांना बोलावतो.”

अण्णा दोन गल्ल्या पलीकडं राहतात. मी फोनवर नुसतं म्हणालो, “मुखपृष्ठावरच्या मुलीचे वडील आलेत!” तर हा माणूस पाहुण्या कलाकारांसाठी ठेवलेली शाल आणि नारळ घेऊन हजर! आल्या आल्या त्यांनी गंगाधररावांना उभं केलं, शाल पांघरली, नारळ हातात दिला. “धन्य ते माता-पिता! एकताल कुणाकडं शिकली हो पोरगी?”

“कुणाचा ताल?”

“अहो, बारा मात्रा बोटांवर मोजते तुमची कन्या!” मी म्हणालो.

गंगाधरराव नारळासकट खाली बसले. शाल सावरायचंही भान नाही. “म्हंजी खरंच हाय तर,” ते पुटपुटले. “म्या मनाला सांगत होतो, छापणाऱ्यांचं काही चुकलं आसंल. पन इथं तर नारळ देऊन राहिले! आमी तिला डॉक्टर व्हाया धाडली गुरुजी. तिची माय शिवणकाम करून तिचा डबा भागवती. अन् ही इथं पुस्तक मिटून बोटं मोजून राहिली?”

 चहा घेऊन आलेली सुलभा दारातच थांबली. तिनं माझ्याकडं पाहून एकच प्रश्न केला, “तुम्ही त्या पोरीला विचारलं होतं ना?”

“विचारलं होतं. मान हलवली की तिनं,” मी म्हणालो. पण आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

“गंगाधरराव, तुम्ही रेणुकाला नाही का विचारलं?” सुलभानं हळूच विचारलं.

“न्हाई ताई. पोरीला बोलल्यावर शबुद मागं घेता येत न्हाई. चूक तिची हाय का दुसऱ्याची, ते आधी बघावं म्हणलं. म्हणून पहिलं इथं आलो.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर? आधी पोरीला फोनवर झापलं असतं, मग संपादकाचं डोकं फोडलं असतं. आणि नारळ तर आम्ही आयताच हातात दिला होता!

चौघंही तसेच अभ्यासिकेकडं निघालो. रेणुका त्याच बाकावर होती. बापाला अंगावर शालीसकट पाहून ती घाबरून उठली.

“पप्पा! तुमचा सत्कार कशाचा झाला?”

मी चुळबुळत अंक पुढं केला. तिनं मुखपृष्ठ पाहिलं, ओळ वाचली. मग चेहरा असा लाल झाला, की माझा गुलाबी रंग त्यापुढं फिका.

“सर, मी गाणं कुठं ऐकत होते? सरांचा तास रेकॉर्ड केलेला असतो, तो ऐकून राहिले होते! मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, त्या बोटांवर पाठ करून राहिले होते.”

“बारा... नसा?” अण्णा म्हणाले. तेही मनात एकताल धरून बसले होते बिचारे.

“पण बाळ, मी फोटोचं विचारलं तेव्हा तू मान हलवलीस,” मी शेवटची काडी धरली.

ती ओशाळली. “सर, सहाव्या नसेला मला रोज डुलकी लागती.”

गंगाधरराव आधी तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी तोंडावर शाल घेतली. आम्हाला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. शाल बाजूला झाली तेव्हा कळलं, माणूस हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. “आगं, डुलकी लागली तर लागू दी! पन त्या गुरुजींसमोर नगं झोपू!”

मी हात जोडले. “गंगाधरराव, उरलेले सगळे अंक आजच रद्दीत टाकतो.”

“कामून? फोटू चांगला आलाय. खालची ओळ तेवढी बदला. आन् एक सांगू का? हा अंक म्या एका वर्गणीदाराकडून मागून आणला, पन आमच्या गावच्या वाचनालयाचा अंक म्या पोचवला बरं. टपाल दाबून ठेवीत न्हाई म्या. पालथा ठेवून आलो, इतकंच.”

नवी ओळ काय टाकायची, ते मी आयुष्यात पहिल्यांदा एका तरुण माणसाला विचारलं. रेणुका म्हणाली, “राग मानू नका सर, पण तुमचा अंक फटाक्याच्या दुकानाच्या जाहिरातीसारखा दिसतो. आमच्यासाठी काढलाय हे लांबूनच कळतं, म्हणून तर कुणी हातात घेणार नाही. अक्षरं वाचता येत नाहीत. आणि राडा-बिडा आम्ही असं बोलत नाही. माझा आजा भजनात मृदंग वाजवायचा, मला ऐकायला आवडतं की! पण कसं ऐकायचं, ते कुणी सांगत नाही. ते लिहा ना.”

चित्रकलेचा शिक्षक म्हणून पंचवीस वर्षं पोरांच्या चित्रांना मार्क देतोय हो मी. असं नेमकं तपासून माझं चित्र कुणी परत दिलं नव्हतं.

मग त्या संध्याकाळी मी, अण्णा आणि सुलभा उरलेल्या अंकांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसलो. गंगाधररावांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. आमच्याकडंच जेवून तेही बसले. पोस्टातला हात! आमच्या चार पट्ट्या होईस्तवर त्यांच्या वीस व्हायच्या. पट्टीवर रेणुकानं सांगितलेली ओळ होती: ‘हिला अभ्यास करू द्या.’

आणि गंमत ऐका. तो अंक पोरांनी नेला! अभ्यासिकेतून मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे भाऊ आले. कुणी खोलीच्या दारावर मुखपृष्ठ चिकटवलं. आम्ही तरुणांबद्दल पहिल्यांदाच खरं काहीतरी छापलं होतं ना!

पुढचा अंक रेणुकानं सांगितला तसाच केला. पांढरं मुखपृष्ठ, ठसठशीत अक्षरं, आत ‘गाणं ऐकायचं कसं’. सोबत चौकोनी कोड. मोबाईल धरला की अण्णांची बंदिश ऐकू येणार. ती बंदिश मी माझ्याच घरी रेकॉर्ड केली.

पुढं रेणुकाला नांदेडला होमिओपॅथीला प्रवेश मिळाला. निकालाच्या दिवशी गंगाधररावांनी आधी मला फोन केला, मग मेहुण्याला. “गुरुजी, पयला पेढा तुमच्या नावाचा,” म्हणाले. ज्यानं घरात दोन दिवस उपास घडवला, त्याच्या नावाचा पेढा! अशा माणसांचे उपकार कसे फेडायचे, तुम्हीच सांगा. हदगावात आता आमचे वर्गणीदार लातूरपेक्षा जास्त आहेत. गंगाधरराव टपाल वाटत सायकलवरून फिरताना दारोदार सांगतात म्हणे, “चांगला अंक हाय, वाचा.”

मागच्या महिन्यात मी नांदेडला रेणुकाला भेटायला गेलो. वसतिगृहाच्या फाटकाशी तिच्या मैत्रिणींचा घोळका उभा. मी छाती काढून म्हणालो, “मी सूरपारंबीचा...”

एक पोरगी किंचाळली, “अगं, दळणवाले काका!”

मी चपापलो. “कोण दळणवाले?”

रेणुकानं ओठ चावत मोबाईल पुढं केला. अण्णांची बंदिश सुरू झाली, रंगली, संपली. आणि त्यापुढं, मी बंद करायला विसरलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, सुलभाचा खणखणीत आवाज: “दळण आणलं का? का आजही पेटीच बडवत बसणार?” आणि त्यावर माझा, अगदी पडलेला, केविलवाणा आवाज: “आणतो गं बाई, आणतो. लोकांसमोर ओरडू नको.”

“काका,” ती पोरगी डोळे पुसत म्हणाली, “आमच्या अख्ख्या वर्गाला ते पाठ आहे.”

“बंदिश?” मी आशेनं विचारलं.

“नाही हो. दळण!”