उमाबाईंनी ऐकलेली कादंबरी

उमाबाई स्वामींना आमच्या उदगिरात अजूनही सगळे सिस्टर म्हणतात. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, पण रस्त्यात एखादा चांगला मिशीवाला गडी वाकून पाया पडतो आणि बाई त्याला विचारतात, "तू कुणाचा रे? माझ्याच हातचा न्हवं?" खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांत त्यांनी इतकी बाळंतपणं केली की तालुक्यातलं निम्मं मतदान त्यांच्या हातून गेलंय, असं मी म्हणतो. त्यांचं घर माझ्या औषधाच्या दुकानासमोर, मधे फक्त रस्ता. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल पुष्कळ माहीत आहे, आणि जे माहीत नाही तेही मी ठासून सांगतो. स्वभाव आहे, त्याला माझ्याच दुकानात औषध नाही.

या बाईंना एकच नाद, विज्ञानकथांचा. परग्रह, यंत्रमानव, काळात मागे-पुढे जाणारी माणसं असलं काही असेल तर त्या जेवणसुद्धा विसरायच्या. वाचनालयातून कोणी त्यांना कौटुंबिक कादंबरी आणून दिली की त्या ती दोन बोटांनी धरून परत करायच्या. एकदा मी विचारलं, "सिस्टर, हे सगळं खोटं वाचून काय मिळतं तुम्हाला?"

"मन्मथ, नवरा पिऊन मारतो, सासू छळती, लेकरू दगावतं, हे मी ड्युटीवर बघितलंय. पगार घेऊन बघितलंय. आता तेच घरी बसून पुन्यांदा कामून वाचू? हाय ते रोज दिसतं. न्हाई ते वाचावं माणसानं."



मग त्यांचे डोळे बिघडले. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याच्या मधोमध डाग पडलाय, आणि आता फार काही करता येणार नाही. बाईंना कडेनं दिसतं. समोरच्या माणसाला बघायचं तर तोंड दुसरीकडे फिरवावं लागतं, आणि नवख्याला वाटतं बाई रुसल्या. माणूस असा कडेनं ओळखता येतो, अक्षर मात्र येत नाही. डॉक्टरांसमोर त्या रडल्या नाहीत. माझ्या दुकानात येऊन, बाकावर बसून रडल्या. "डोळे गेले तर जाऊ दे रे, वाचणं नको होतं जायाला," म्हणाल्या. मी गिऱ्हाईक सोडून त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार होतो?

त्या वेळी दुकानात अण्णाराव मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे आमच्या गावात मराठीचा दरारा. उभा जन्म शाळेत मराठी शिकवली, निवृत्त झाले, बायको गेली, पण हातातला लाल पेन काही सुटला नाही. लग्नाची पत्रिका आली तर आधी चुका काढतात, मग तारीख बघतात. माझ्या पाटीवरच्या 'मिळतिल'ची वेलांटी दीर्घ होईपर्यंत त्यांनी माझ्याकडून खोकल्याची गोळीही घेतली नाही. विज्ञानकथेला ते साहित्य मानतच नाहीत. "पोरखेळ आहे हा," असं त्यांनी भर सभेत सांगितलेलं आहे. तर तेच मास्तर घसा खाकरून म्हणाले, "उमाबाई, हरकत नसेल तर मी वाचून दाखवत जाईन."

तेव्हापासून रोज दुपारी बाईंच्या ओसरीवर वाचन सुरू झालं. मास्तर खुर्चीत ताठ बसून, औषध गिळल्याचं तोंड करून, परग्रहावरच्या लढाया वाचायचे, आणि बाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायच्या. रस्त्याच्या गोंगाटात मला शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. पण ते दृश्य मला फार आवडायचं. दुपारी दुकान बंद करून जेवायला जायचा कंटाळा यायला लागला, इतकं आवडायचं.

आता आमच्या वाचक मंडळाबद्दल सांगतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही सार्वजनिक वाचनालयात जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. नियम दोनच. पहिला, बैठकीआधी पुस्तकाबद्दल एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही. हा नियम करावा लागला, कारण आडत दुकानवाले व्यंकटराव आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी पुनम यांचं एका कथेवरून हॉटेलात असं जुंपलं होतं की मालकानं दोघांना हात जोडून बाहेर काढलं. दुसरा नियम, वयानं सगळ्यात मोठा असेल त्यानं आधी बोलायचं, म्हणजे कोणाचं ऐकून मत बनवलं असं होत नाही. आमच्यात मोठ्या उमाबाई.

या वर्षी एका बैठकीसाठी आम्ही निवडली 'दोन चंद्रांची सगुणा'. लेखक भोकरचा एक तरुण शिक्षक, नागसेन. गोष्ट अशी की मंगळावर वस्ती झाली आहे, मराठवाड्यातली सगुणा नावाची म्हातारी लेकाबरोबर तिथं गेली आहे. लेक मरतो, मागे राहतं त्याचं यंत्र, आणि ते यंत्र म्हातारीकडून बोलायला शिकतं.

या पुस्तकानं चांगलाच धुरळा उडवला होता. रविवारच्या पुरवणीत एकानं लिहिलं की यंत्राच्या तोंडी गावंढी बोली घालणं हा विज्ञानाचाही अपमान आणि मराठीचाही. दुसऱ्यानं उलट लिहिलं की आमच्या बोलीनं पहिल्यांदाच पृथ्वी सोडली, याचा पेढा वाटा. आणि पुण्याकडच्या एका समीक्षकानं तर कमालच केली. यंत्र सारखं 'हाव, हाव' म्हणतं हे वाचून त्यानं मानवाच्या न संपणाऱ्या लोभावर दीड रकाना लिहून काढला. आमच्याकडे हाव म्हणजे हो, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही महिनाभर आपापल्या घरी हसलो. नियमामुळे मंडळात मात्र तोंडं बंद होती. तरी दोन तट पडलेत हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

बैठकीला आम्ही नागसेनलाच बोलावलं. भोकरहून एसटीनं आला, बारीक, लाजाळू पोरगा. शिव्या खायची तयारी करून आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. मला वाटलं, चला, सिस्टर आहेत, याची बाजू तेवढी भक्कम.

उमाबाई उठल्या. "सर, गोष्ट लई चांगली हाय तुमची. सगुणा सोबत ऱ्हायली माझ्या. पण तुमचं यंत्र मला आवडलं न्हाई."

सभा सरसावून बसली.

"ते म्हातारीपाशी बोलणं शिकलं म्हणता. मग बोलतं कसं? 'होय आई, मी ऐकत आहे. तू बोल, मला कुठे जायचे आहे?' आवं, टेसनावर गाडीची घोषणा करती ती बाई असं बोलती! आन् सगुणाबी तशीच. रानात जन्म गेला तिचा, आन् बोलती रेडिओवानी. तुमी मास्तर लोक हायत, तुमाला आपल्या माणसाच्या बोलण्याची लाज वाटती का?"

नागसेनचं तोंड पाहण्यासारखं झालं. बोली वापरली म्हणून मार खायला आलेला माणूस, आणि पडला मार बोली न वापरल्याबद्दल. तो हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही माझंच पुस्तक वाचलंत ना?" दोघंतिघं हसले. पुनमनं गोंधळून पुस्तक उघडलं, ती जागा काढली आणि मोठ्यानं वाचली, "हाव माय, ऐकून राहिलो. तू बोल की. मला कुठं जायचंय?"

"पुन्ना वाच," उमाबाई म्हणाल्या.

पुनमनं पुन्हा वाचलं. उमाबाईंनी हळूहळू तोंड खिडकीकडे वळवलं. नागसेनला वाटलं असेल की त्या बाहेर बघताहेत. आम्हाला माहीत होतं, त्या मास्तरांकडे बघत होत्या.

"मास्तर, हे तुमी मला असं वाचलं न्हाई."

अण्णाराव उभे राहिले. वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे दिसत होते. "मी अर्थ कुठेही बदललेला नाही, उमाबाई. फक्त भाषा शुद्ध करून वाचली."

"ह्या एकाच पुस्तकाची?"

मास्तरांनी खिशातला लाल पेन चाचपला. मग म्हणाले, "जिथे जिथे गरज वाटली तिथे."

बाईंचा आवाज चढला नाही, त्यानंच मला जास्त कसंतरी झालं. "म्हंजे मी एवढे दिवस पुस्तकं वाचलीच न्हाईत. तुमी वह्या तपासल्या आन् मी ऐकत बसले. मास्तर, माझ्या हातात हजारो लेकरं आली. काळं आलं, बसक्या नाकाचं आलं. हाय तसं आईच्या कुशीत दिलं मी. कुणाचं नाक वढून सरळ केलं न्हाई. ही बेइमानी झाली." आणि पुनमचा हात धरून त्या निघून गेल्या. पेपरही मास्तरच वाचून दाखवायचे. पुस्तकावरच्या वादाचा एक शब्द बाईंच्या कानावर का आला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

ओसरीवरचं वाचन बंद झालं. मला मास्तरांचा राग आला होता, तो मी लपवला नाही, पण ओसरी रिकामी बघवत नव्हती. माझी मुलगी सृष्टी एकदोनदा वाचायला गेली. पण ती लातूरला क्लासला असते, गावी येते ती झोप काढायला. मग तिनं बाईंच्या मोबाईलवर वाचून दाखवणारं काहीतरी बसवून दिलं. बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन तिच्या हातात दिला. "यव्वा! हे तर मास्तरापेक्षा शुद्ध हाय," म्हणाल्या. नंतर त्या दुपारभर नुसत्याच बसायला लागल्या. भिंतीला टेकून, डोळे मिटून, समोर कोणी नसताना. 

इकडे मास्तर रोज दुपारी माझ्या दुकानात. आज पाचक गोळ्या, उद्या कापूस, परवा पुन्हा पाचक गोळ्या. नजर ओसरीकडे. शेवटी मी वैतागून म्हणालो, "सर, तुमचं पोट चांगलं आहे. तुम्हाला पुस्तक पाहिजे. जा आणि माफी मागा."

"दोनदा गेलो मन्मथराव. त्या म्हणाल्या, माफी व्याकरणात चांगली हाय, पण मला ती नको." मास्तरांनी गोळ्यांची पुडी उगाच उघडली आणि बंद केली. "मला खरंच वाटायचं की मी त्यांना अधिक चांगलं काहीतरी देतोय."

आणि एका दुपारी रस्त्यापलीकडून हाक आली. "मास्तर! तितं उभं ऱ्हाऊन त्या पोराचं दुकान अडवू नका. सगुणा घिऊन या. पयल्या पानापासून. छापलंय तेच वाचायचं. आन् मन्मथ, तूबी ये. दुसरी प्रत घिऊन बस. मास्तरानं शब्द बदलला की सांगायचं."

असा मी पंच झालो. दुकान कामाच्या पोराच्या भरवशावर टाकून मी रोज प्रत घेऊन बसायला लागलो. पहिल्या दिवशी मास्तरांचे हाल कुत्रं खाईना. 'हाव' आला की ते थांबत आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखे तो शब्द उच्चारत. दोनदा सवयीनं 'होय' म्हणाले, मी बोट वर केलं, बाई म्हणाल्या, "मागं घ्या." त्यांनी मागं घेतलं. एवढं आज्ञाधारक मास्तरांना कोणीच पाहिलं नसेल. हळूहळू जीभ सुटली. सगुणा मंगळावर पापड वाळवायला निघाली तेव्हा बाई हसल्या, यंत्रानं तिला शिव्या दिल्या तेव्हा तर खोकला येईपर्यंत हसल्या, आणि मास्तरांच्या मिशीतही काहीतरी हललं.

मग सगुणेच्या आजारपणाचा भाग आला. मास्तर वाचत होते आणि वाक्याच्या मधेच थांबले. पुढे काही येईना.

उमाबाईंनी तोंड बाजूला फिरवलं. "काय गाळलं, मन्मथ?"

मी पान पाहिलं. साधीच ओळ होती. यंत्र म्हातारीला विचारतं, 'टायमाला जेवून राहिलीस न्हवं?' "काही गाळलं नाही सिस्टर. थांबलेत नुसते."

मास्तरांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "मी नांदेडला कॉलेजात होतो," ते म्हणाले. "आई गावाहून भेटायला यायची. होस्टेलच्या दारात, सगळ्या पोरांसमोर, आल्या आल्या हेच विचारायची. 'टायमाला जेवून राहिलास न्हवं, बापा?' पोरं माझी नक्कल करायची. मी एकदा तिला सांगितलं, माय, इथं आलीस की बोलत नको जाऊ." मांडीवरचं पुस्तक सारखं करत ते म्हणाले, "तिनं ऐकलं. नंतरही यायची, भाकरी द्यायची, माझ्याकडे बघत बसायची आणि उठून जायची. शेवटपर्यंत माझ्यापुढं कमीच बोलली ती."

मला रडू आलं, ते मी पुस्तकात तोंड घालून रडलो.  रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाताच उमाबाईंनी हात पुढे करून पुस्तक मास्तरांकडे सरकवलं.

मग म्हणाल्या, "वाचा मास्तर. जरा मोठ्यानं वाचा. तुमच्या मायलाबी ऐकू जाऊ द्या."

अण्णारावांनी चष्मा पुसला आणि ती ओळ वाचली.