शेगडीचा श्वास

मास्तरीण ही काही घरात बसणारी बाई नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग करायची. थरावर थर रचलेल्या कापडावर तिचं मशीन फिरलं, की सूतभर इकडचं तिकडे व्हायचं नाही, म्हणून लहानथोर सगळे तिला मास्तरीण म्हणत. मग आई गेली, पाठोपाठ बाबांचा एक पाय लुळा पडला, आणि ती रजा काढून चार दिवसांसाठी घरी आली. ते चार दिवस काही संपेनात. लग्न झालेल्या भावाला संसार असतो आणि बिनलग्नाच्या बहिणीला वेळ असतो, हा हिशेब कोणी मांडत नाही, तो मांडलेलाच असतो. दादा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं." कौतुकानेसुद्धा माणसाला कोंडता येतं, हे तिला जरा उशिराच कळलं.

तसं बाबांनी तिला अडवलं नव्हतं. जन्मभर बस चालवलेला माणूस, पडून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. हळूहळू ते काठी टेकत घरभर फिरू लागले, स्वतःचा चहा स्वतः करू लागले. आता आपण सुटलो, असं मास्तरणीला वाटायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच शेगडी बिघडली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

शेगडी म्हणजे पुढच्या खोलीतली ती काळी, काचेच्या दाराची पेलेटची शेगडी. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या, म्हणजे पेलेट, वरच्या टाकीत ओतायच्या. आतला स्क्रू फिरतो, चार-चार कांड्या खालच्या भांड्यात टाकतो, आणि त्या जळत राहतात. घरात ऊब देणारी तीच एक. पण आता ती घास गिळायच्या आधीच दुसरा घास तोंडात कोंबत होती. भांडं काठोकाठ भरायचं, अर्धवट जळलेल्या कांड्या बाहेर सांडायच्या, ज्वाळ पिवळी आणि आळशी व्हायची, काच काजळून जायची. एकदा तर आग स्क्रूच्या वाटेने मागे टाकीकडे चढायला लागली होती. तेव्हापासून बाजारात गेली तरी मास्तरणीचा जीव घरातच अडकलेला असे. बाबांना वाकून भांडं उपसता येत नव्हतं. सकाळी डोकं जड व्हायचं तिचं, आणि ते काळजीने होतं असं ती धरून चालली.

तिने काय करायचं बाकी ठेवलं? कांड्या टाकण्याचा वेग अगदी खाली आणला. दुसऱ्या कंपनीचे पेलेट आणले. भांड्याची भोकं सुईने मोकळी केली. शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. पट्टी निघेना, म्हणजे फट बुजवायला दाराच्या कडेला बसवलेली दोरीही घट्ट. धुराडं झाडून घेतलं, तेव्हा नाकातोंडात काजळी जाऊन ती दोन दिवस शिंकत होती. मेकॅनिकने येऊन स्क्रूची मोटर तपासली, "मोटर ठणठणीत आहे," म्हणाला आणि गेला. शेगडी आपली खातच राहिली.

अशात कारखान्यातल्या मैत्रिणीचा फोन आला. दुसऱ्या गावात नवा विभाग निघाला होता, कटिंगवर मुख्य म्हणून तीच हवी होती. "पण आज संध्याकाळपर्यंत कळव बाई. उद्या दुसरीला घेतील." मास्तरणीने लगेच दादाला विचारलं.

"जा की," दादा म्हणाला. "पण बाबांना त्या भुताबरोबर एकटं सोडणार का? आधी शेगडीचं काहीतरी बघ."

फोन ठेवून ती शेगडीसमोर मांडी घालून बसली. तिला त्या यंत्राचा सणकून राग आला. दोन लाथा घालाव्यात असं वाटलं. काचेमागे ज्वाळ लोळत होती.

तेवढ्यात बाबांनी बाहेर पाणी फेकायला घराचं दार उघडलं. ज्वाळ चटकन उभी राहिली, पांढरट, लख्ख. दार लागलं, आणि ती पुन्हा आडवी झाली.

मास्तरीण उठली. तिने दार उघडलं. ज्वाळ उभी. लावलं. आडवी. कांड्या जास्त पडतच नव्हत्या. पडलेल्या जळायला हवा पुरत नव्हती. सकाळचं जड डोकंही त्या कोंडलेल्या हवेनेच. खिडक्यांच्या फटी तर दर थंडीत तीच चिकटपट्टीने बुजवत असे. पण शेगडी बसवताना कारागिराने भिंतीत खाली एक भोक पाडलं होतं, खास हवेसाठी. ते भोक तिच्या खाटेमागे होतं. बाबांची हाक ऐकू यावी म्हणून तिने आजारपणात खाट तिथे टाकली होती, ती तिथेच राहिली होती.

तिने खाट ओढली. भोकाची जाळी निघालेली होती आणि आत काहीतरी लोकरीचं ठासून बसवलं होतं. ओढत ओढत तिने ते बाहेर काढलं. बाबांचा ड्युटीवरचा जुना मफलर. भसकन गार वारा आत आला. काचेमागे ज्वाळ ताठ उभी राहिली.

"हा कोणी कोंबला?"

बाबा खुर्चीत बसले होते. "मी. काठीने."

"का पण?"

"तू झोपेत पाय पोटाशी घ्यायचीस. सगळा वारा तुझ्या पायांवर. म्हटलं, पोरगी आपल्यापायी इथे पडलीय, निदान गारठू तरी नये."

तिला हसावं की रडावं कळेना. ज्या बोळ्याने तिला ऊब दिली, त्यानेच तिला इथे कोंडून ठेवलं होतं. बाबांच्याही ते हळूहळू लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "एअर फिल्टर तुंबला की इंजिन काळा धूर ओकतं. जन्मभर तेच बघितलं. आणि घरात बोळा कोंबून बसलो! साठी बुद्धी नाठी. बरं, आता तिकडे फोन कर."

"करते. दोन दिवस बघू, शेगडी नीट चालते का ते." बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ते चार दिवस, हे दोन दिवस. दार उघडं होतं आणि तीच उंबऱ्यात पाय रोवून उभी होती. तिला भीती वाटत होती, हे खरं.

"खाट उचल," बाबा म्हणाले.

"कुठे ठेवू?"

"माळ्यावर टाक, विकून टाक. या घरात नको. तू इथे कुडकुडत झोपलीस तर मी पुन्हा बोळा कोंबीन. मला माझा स्वभाव माहितीय."

हेच तिला ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर ती लहान पोरीसारखी रडली. मग नाक पुसून तिने खाटेचं एक टोक धरलं. दुसरं धरायला बाबा काठी काखेत मारून उठले. नको म्हटलं तर ऐकतील ते बाबा कसले! खाट दारात अडकली. ती अंगणात, बाबा आत.

"डावीकडे काप. अजून. थांब, मागे घे," बाबा बस वळवताना सांगावं तसं आतून सांगत होते.

तिने खाट गुडघ्यावर टेकवली आणि एका हाताने मैत्रिणीला फोन लावला.