मागच्या डाव्या चाकाखालचं लिंबू

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला अक्कल शिकवायला नको. लिंबाविरुद्ध पत्रक काढणारी मुलगी आहे मी. ‘लिंबू दारात टांगू नका, सरबतात पिळा’ हे चार पानी पत्रक माझं आहे. वाशीमच्या बसस्टँडवर वाटलंय. पोहरादेवीच्या यात्रेत भर उन्हात वाटलंय... तिथं दोघांनी ते माझ्यासमोर फाडलं आणि एका काकूनं त्यात फुटाणे बांधून नेले. तरी शेवटचा कागद संपेपर्यंत वाटलं. त्यामुळं पुढचं मी लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. माझ्यासमोर भर दिवसा जे झालं, ते दडवलं तर मी पत्रक वाटायच्या लायकीची राहणार नाही, म्हणून लिहितेय.

आमचं घर वाशीमहून अनसिंगकडं जाणाऱ्या रस्त्यावर, मळ्यातच. बाबा भाजीपाला पिकवतात — मेथी, भेंडी, वांगी. बांधावर लिंबाची दोन झाडं. गेल्या वर्षी आईच्या मणक्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. डॉक्टरांनी एका दमात दोन गोष्टी सांगितल्या : दर महिन्याची तपासणी चुकवायची नाही, आणि पाठीला हादरे बसू द्यायचे नाहीत. आता एसटीनं जाऊन हे दोन्ही कसं जमवायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही! म्हणून गाडी घेतली. आईला मागच्या सीटवर आडवं होऊन जाता यावं, एवढ्याच एका कारणासाठी.

गाडी घरी आली तेव्हा आई काठी टेकत ओसरीत उभी. हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ आणि बांधावरची चार लिंबं.

मी म्हटलं, “आई, माझं पत्रक वाचलं ना तू?”

“वाचलं. चांगलं लिवलं. आता सरक.”

आमच्याकडं रीत अशी : चारी चाकांपुढं एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यांच्यावरून पुढं घ्यायची. चारी चिरडली की गाडी घरची झाली. आईला वाकता येत नव्हतं, म्हणून बाबांनी लिंबं ठेवली. गोठ्यापुढं सिमेंटचा कोबा आहे, त्यावर गाडी उभी होती. बाबांनी ती हात-दोन हात पुढं घेतली. फच्, फच्, फच्.

तीनच.

मागच्या डाव्या चाकामागं लिंबू अख्खं पडलेलं. मी उचललं. सालीवर टायरच्या नक्षीचा धुळीचा ठसा स्पष्ट होता. म्हणजे चाक त्याच्यावरून गेलं होतं. साल मात्र कुठंही फाटलेली नव्हती.

“त्या चाकानं लिंबू घेतलं नाई वो,” आई म्हणाली.

“घसरलं असेल,” मी म्हटलं आणि लिंबू ताटात टाकलं. विषय संपला. माझ्यापुरता.

आठ दिवसांनी नागपूरला निघालो. शेलूबाजारवरून समृद्धी महामार्गावर चढलो. ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी. पंच्याऐंशीच्या पुढं काटा गेला आणि बुडाखाली काहीतरी थरथरायला लागलं. पंच्याण्णवला तर सीट, फरशी, दारातली पाण्याची बाटली — सगळंच कापत होतं. स्टेअरिंग मात्र शांत. मागं आई पदराचं टोक दातात धरून पडलेली. बाबांनी वेग सत्तरवर आणला, आणि समृद्धीवर आम्ही ट्रकच्या मागं मागं नागपूर गाठलं. परत आल्यावर आई चार दिवस कूस बदलू शकली नाही. पुढची तपासणी वीस दिवसांवर.

गाडी नवीकोरी! आठ दिवसांची!

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं. फरक शून्य. दुसऱ्या खेपेला अलाइनमेंट. तेही शून्य. तिसऱ्या खेपेला सुपरवायझरसाहेब स्वतः रोड टेस्ट घेऊन आले आणि जॉब कार्डवर लिहून मोकळे झाले : ‘समस्या आढळली नाही’. मी विचारलं, गाडी कुठं चालवली? तर म्हणे गावातच, पुसद नाक्यापर्यंत. कितीच्या स्पीडला? चाळीस-पन्नास.

“साहेब, तक्रार पंच्याण्णवची आहे!”

“मॅडम, रस्ते खराब हायेत आपल्याकडचे. त्यानं होऊन राह्यलं ते. अन् थोडंफार कॅरेक्टरिस्टिक रायतेच गाडीचं.”

ऐकलंत? बाईच्या मणक्यात स्क्रू आहेत, आणि हे गाडीचं कॅरेक्टर सांगतात! लिहून द्या म्हटलं तर पेन सापडेना.

घरी येऊन मी तणतणत होते, तर आई खाटेवरून म्हणाली, “मांगचं डावं चाक पाहा म्हनाव त्याईले.”

“त्यांच्या मशीनला चारी चाकं ओके दाखवतात.”

“मशीनले काय मालूम? लिंबानं सांगतलं ना.”

इथं माझी सटकली. म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे. आईचा हा भ्रम एकदाचा प्रयोगानं मोडायचाच. शेजारच्या मळ्यातल्या गंगूकाकूंना बोलावलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. लिंबं त्यांनी ठेवायची, गाडी बाबांनी चालवायची, आईनं खाटेवरून हलायचं नाही. बारा लिंबं तोडली. पहिल्या फेरीत मागच्या डाव्या चाकापुढं मुद्दाम सगळ्यात पिकलेलं, मऊ लिंबू ठेवायला लावलं. तीन चिरडली. मऊ लिंबू अख्खं.

दुसऱ्या फेरीत गाडी उलट तोंडानं उभी केली, कोब्याचा उतार वगैरे काही असेल तर तो बदलावा म्हणून. पुन्हा तीन. तिसऱ्या फेरीला मी स्वतः कोब्यावर पालथी पडून पाहत होते. चाक लिंबावर चढलं, पुढं उतरलं. लिंबू तिथंच. एक थेंबसुद्धा नाही.

गंगूकाकूंनी हात झटकले. “कांचन, तू आमाले कागद वाटते लिंबू वाईट म्हनून, अन् घरी हे करून राह्यली? दिवसाढवळ्या?”

“प्रयोग आहे, काकू!”

“हव, दिसला तुहा प्रयोग.”

बाबा गाडीतून उतरले नाहीत. काचेतूनच म्हणाले, “आता काय करतं? गाडीची दृष्ट काढतं?”

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पण एक विचार डोक्यात पक्का बसला. कारण माहीत नसलं म्हणून खूण फेकून द्यायची नसते. खूण तपासायची असते. हे मी यात्रेत दुसऱ्यांना सांगते, आता स्वतःवर पाळायची वेळ आली होती.

गाडी घेऊन मी रहीमभाईंकडं गेले. वाशीममध्ये तीस वर्षं टायरचं काम करणारा माणूस. लिंबाचं त्यांना अवाक्षर सांगितलं नाही. फक्त थरथर सांगितली. त्यांनी विचारलं, “स्टेरिंग हालते का शीट?”

“सीट.”

“मंग मांगचं चाक. न्यूट्रल करून पाहलं?”

नव्हतं पाहिलं. हिंगोलीकडच्या चौपदरीवर गेलो, पंच्याण्णवला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. थरथर तशीच. “इंजन बरी झालं, म्हंजे सुटलं,” रहीमभाई म्हणाले. परत येऊन त्यांनी मागचं डावं चाक काढून पुढं उजवीकडं लावलं, आणि पुढचं उजवं मागं. “मर्ज चाकात असंन तर चाकासंगं जाईन.”

पुन्हा चौपदरी. नव्वदला सीट एकदम गप्प... आणि स्टेअरिंग माझ्या हातात कुडकुडायला लागलं. मी गाडीतच ओरडले. रहीमभाई दचकले.

दुकानात चाक जॅकवर उचललं. त्यांनी विटेवर खडू टेकवून तो टायरच्या अगदी जवळ धरला आणि चाक हळूहळू फिरवलं. चांगल्या टायरला खडूची रेघ गोल उमटते. इथं एकाच वीतभर जागी उमटली, बाकी टायर कोरा. टायर गोलच नव्हता.

“बॅलन्स मशीन खोटं नाई बोलत बेटी, पन पुरं बी नाई सांगत. वजन बराबर हाये. हे लंगडून राह्यलं.”

घरी मी कुणालाच सांगितलं नाही की चाकं बदललीत. सकाळी गंगूकाकूंना पुन्हा बोलावलं. त्या आल्या, पण पदरात स्वतःच्या घरची चार लिंबं घेऊन. माझ्या लिंबांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. लिंबं ठेवली. बाबांनी गाडी पुढं घेतली.

मागचं डावं लिंबू फच्.

पुढचं उजवं, अख्खं.

आईनं खाटेवरून दोन्ही चाकं पाहिली. मग म्हणाली, “चाक बदललं काय वो तू?”

मी मान डोलावली आणि ते अख्खं लिंबू तिच्या हातात दिलं.

सर्व्हिस सेंटरला मी खडूच्या खुणेचा टायर, ती रेघ उमटतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि दोनशे कोरे कागद घेऊन गेले. कागद काउंटरवर ठेवले. म्हटलं, “साहेब, एकतर आत्ता माझ्यासोबत चौपदरीवर चला, नाहीतर यावर काय छापायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. बसस्टँड जवळच आहे.”

साहेब आले. मी त्यांनाच चालवायला दिली. मागच्या सीटवर आईची उशी ठेवली होती, ती कशाला, तेही सांगितलं. पंच्याण्णवला त्यांची दोन्ही मनगटं कापायला लागली. गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या बटणावर टकटक करत होतं.

“रस्ता खराब आहे का साहेब?”

त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला.

“कॅरेक्टरिस्टिक आहे का?”

“...टायर बदलून देतो मॅडम.”

“लिहून द्या.” या वेळी पेन लगेच सापडलं. त्याच जॉब कार्डवर, ‘समस्या आढळली नाही’च्या खाली, त्यांच्याच अक्षरात : ‘टायर सदोष, वॉरंटीत बदलून देणे’. ते कार्ड मी लॅमिनेट केलंय. बैठकीच्या खोलीत लावलंय. या, बघा.

नवीन टायर आला त्या दिवशी मीच म्हटलं, “बाबा, लिंबं.” चारी फच्. गंगूकाकूंनी टाळी वाजवली. मीही वाजवली, लपवत नाही.

आता विचारा तुमचे प्रश्न. मी सगळे स्वतःला विचारलेत. टायर वाकडा होता, मान्य. पण वाकडा म्हणजे किती, तर खडूच्या टोकाएवढा. एवढ्यानं लिंबू वाचत नाही. त्या चाकावर अर्ध्या बैलाएवढं वजन होतं. कॉलेजातल्या माझ्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते आधी हसले, मग कागद घेऊन बसले, मग म्हणाले, “तो टायर आणशील का?” टायर तर सर्व्हिस सेंटरनं ठेवून घेतला होता. गंगूकाकू दृष्टीचं कारण सांगतात, ते मला मान्य नाही. सरांना कारण सापडलेलं नाही. माझ्याकडं कारण नाही. चाक बिघडलेलं आहे हे माणसांच्या आधी, मशीनच्या आधी त्या लिंबांना कळलं होतं, असं मी लिहिणार नाही. पण दुसरं काय लिहू, हेही मला ठाऊक नाही.

पत्रक मात्र मागं घेतलेलं नाही. एका शब्दाचाही बदल नाही.

तपासणीच्या दिवशी आईनं ती पाचही अख्खी लिंबं घेतली — पहिलं सुकत आलेलं, तेही — आणि सरबत करून थर्मासमध्ये भरलं. “तुह्या कागदात लिवलंय ना, सरबतात पिळा म्हनून?” समृद्धीवर बाबांनी गाडी शंभरवर नेली. मागं आई उशीला टेकून बसली आणि काठोकाठ भरलेला पेला तिनं दोन बोटांत धरला.

साडीवर एक थेंब सांडला नाही.