मोटारीवरची गोधडी

ती मोटार विकली गेली का नाही, मला ठाऊक नाही. तिच्या सीटला उंदीर लागोत, एवढंच मागणं आहे.

लोणावळ्याच्या एका बंगल्यावर माझी राखणदारी. तिथल्या शेडात शेठची विलायती मोटार होती. दोन माणसांची, बिनटपाची, तारेच्या चाकांची. शेठ वारले आणि मोटार तशीच पडून राहिली. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटतं, तिथं चामड्याच्या सीटा कशा टिकणार? बुरशीनं भरल्या. माझ्या बायकोला ते बघवेना.

"अवो, उघडंनागडं लेकरू दिसतंय ते."

"लेकरू कसलं? शेठची ठेवलेली हाय ती," मी म्हटलं. तिनं लाटणं उगारलं, आणि दुसऱ्या दिवशी गोधडी शिवायला बसली.

स्वतःची जुनी लुगडी, माझी फाटकी धोतरं, सगळी त्यात घातली. मोटार नाकापासून शेपटापर्यंत झाकली जाईल एवढी मोठी गोधडी. आमच्यात गोधडी संपवताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ घालून तो शिवतात. गोधडी उपाशी ठेवायची नसते. मी म्हटलं, मोटारीच्या गोधडीला कशाला तांदूळ? म्हणाली, "तिलाबी पोट हाय की."

मग बायकोच आजारी पडली. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेलो, तेवढ्यात धाकट्या शेठनं मोटार टेम्पोत घालून पुण्याला दुरुस्तीला नेली. गोधडीसकट. राखणदाराला कोण विचारतो?

बायको गेली. तिची लुगडी बहिणींनी आठवण म्हणून नेली, उरलेली आम्ही दहाव्याला देऊन टाकली. रीतच आहे. मागं तिच्या हातचं म्हणून घरात काही राहिलं नाही. गोधडीसाठी धाकट्या शेठला निरोपावर निरोप धाडले. "बघतो आबा." बघतोय कधीचा!

परवा मोटार परत आली, विकायला. घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत, रंग हिरवागार. मुंबईचं गिऱ्हाईक येणार म्हणून मला गेट उघडायला बोलावलं. बघतो तर सीटवर माझ्या बायकोची गोधडी. घडी घालून, शोभेला. गिऱ्हाईकाची बायको तिच्यावरून हात फिरवत होती आणि दलाल सांगत होता, "राजस्थानचं जुनं हातकाम आहे मॅडम. गाडीबरोबर देतोय आम्ही."

माझं टाळकं फिरलं. "राजस्थान तुझ्या बापाचं! इथल्याच इंदुरी गावच्या बाईनं शिवलीय ती. माझ्या बायकोनं."

धाकटे शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "आबा, लोकांपुढं तमाशा नको. तुम्हाला चांगलं ब्लँकेट घेऊन देतो. दोन घ्या."

"दोन बायकाबी घेऊन द्या मग!"

दलाल दात काढत म्हणाला, "आजोबा, गोधड्या सगळ्या सारख्याच दिसतात. चूक होते माणसाची."

मी गोधडी उचलली. कोपरा चाचपला, हाताला खडे लागावेत तसे दाणे लागले. दातानं टाका तोडला आणि गोधडी झटकली. त्या गुळगुळीत सीटवर तांदूळ सांडले, किडीनं पोखरलेले.

बाई दचकून मागं सरली. "हे काय आहे?"

"जेवण हाय तिचं," म्हटलं आणि गोधडी खांद्यावर टाकून निघालो. अडवायची कुणाची छाती झाली नाही.

घरी येऊन पांघरली. पेट्रोलचा आणि कसल्याशा पॉलिशचा वास. तिचा वास शोधला, कुठंच नाही. आणि मग कोपऱ्याकडं लक्ष गेलं. तिनं बोटांच्या चिमटीत धरून घातलेले तांदूळ, रागाच्या भरात मी त्यांच्या सीटवर सांडून आलो. वेचून तरी आणायचे होते. आता परत कोण जातंय त्या भडव्यांच्या दारात!

कामशेतहून नवे तांदूळ आणलेत. सून म्हणते, "आबा, आणा हिकडं, चार टाके घालते."

मी हात लावू देत नाही.