पुढं कोणतं गाव?

सावेडीतल्या दुकानात नातीच्या सायकलचं पंक्चर काढून घेत होते. सोल्यूशनचा उग्र वास आला आणि मला एकाहत्तर सालची आई आठवली.

तेव्हा मी गोदाकाठच्या एका गावात मास्तरीण होते आणि आई माझ्याकडं राहायला आली होती. महिनाभर मी तिला सायकल शिकवत होते. त्या सकाळी तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाली, “आता सीट धरू नगं.”

मी सोडलं. रस्ता सपाट, सरळ. ना मोटार, ना बैलगाडी. दोन्हीकडं ओल्या उसाचा वास. आई लहान लहान होत गेली, तशी मी घाबरून तिच्या मागं पळाले.

ती एका बाभळीला हात टेकून थांबली होती. कुंकू घामानं ओघळलं होतं.

“पुढं कोनतं गाव हाय?”

मी नाव सांगितलं. तिथं ती कधीच गेली नव्हती.

“आई, चल परत. लोक काय म्हणतील?”

“आल्यावर इचारू त्यास्नी,” म्हणत तिनं पायडल मारलं.

तासाभरानं ती परतली, तेव्हा मी नुसती रागावले. तिथं तिनं काय पाहिलं, ते विचारलंच नाही. आज मला तेवढंच ऐकायचं आहे.